एनआरआय माणसाने म्युच्युअल फंड घेताना फंडाचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे शारजाला सेफ्टी ऑफिसर आहेत, वय ३४, गाव गुहागर साईडचं. महिन्याला साधारण ८० हजार रुपये भारतात गुंतवू शकतात. धाकटी बहीण न्यू जर्सीत एच-वन-बी वर आहे. एका बँकेच्या आरएमने (रिलेशनशिप मॅनेजरने) त्यांना सहा फंडांची यादी व्हॉट्सॲपवर पाठवली, त्यात दोन एनएफओ (नवे निघालेले फंड), दोन स्मॉलकॅप, एक सेक्टर फंड आणि एक हायब्रिड "दर महिन्याला डिव्हिडंड देणारा". वर पीआयएस नावाचं एक खातं उघडायला सांगितलंय. त्यांनी ती यादी जशीच्या तशी बहिणीला फॉरवर्ड केली, आणि आता विचारतायत की दोघांनी हेच सहा घ्यावेत का.

नाही. तुम्हीपण नको आणि न्यू जर्सीच्या ताईंनी तर अजिबातच नको, पण दोघांची कारणं वेगळी आहेत.

आधी माझ्याबद्दल सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना मीठ किती घालायचं ते तुम्हाला कळेल. चिपळूणला माझं छोटं ऑफिस आहे, २००७ पासून फंड डिस्ट्रिब्युशन करतो, एआरएन हा डिस्ट्रिब्युटरचा नंबर आहे, म्हणजे रेग्युलर प्लॅनमधून मला कमिशन मिळतं. निम्मे क्लायंट गल्फमध्ये आहेत कारण आपल्याकडे प्रत्येक वाडीत दोन घरं तरी मस्कत, कुवेत, दोहावर चालतात. सीए मी नाही, पण टॅक्सच्या भानगडीत क्लायंटबरोबर पोळून पोळून जे कळलंय ते लिहितोय.

आरएमची यादी जरा बाजूला ठेवा. एनआरआयच्या बाबतीत तीन गोष्टी फंडाच्या आधी येतात. तुम्ही राहता कुठल्या देशात, पैसा कुठल्या खात्यातून जाणार, आणि शेवटी तो खर्च कुठे होणार. या तिघांची उत्तरं लागली की फंड निवडणं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ती न लावता फंड निवडला तर चांगला फंडसुद्धा डोकेदुखी होतो.

देशाचं आधी घेऊ, कारण ताईंचा विषय तिथेच संपतो.

अमेरिकेच्या टॅक्स कायद्यात १९८६ पासून पीएफआयसी नावाचा प्रकार आहे, पॅसिव्ह फॉरेन इन्व्हेस्टमेंट कंपनी. भारतातला कुठलाही म्युच्युअल फंड त्यांच्या नजरेत त्यात बसतो. इक्विटी (शेअरचे), डेट (कर्जरोख्यांचे), लिक्विड, सगळे. आणि हे फक्त सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाल्यांना नाही, एच-वन-बी वरचा माणूस तिथे पुरेसे दिवस राहिला की टॅक्ससाठी तोही अमेरिकेचा रहिवासी धरला जातो. काही वेगळा पर्याय निवडला नसेल तर विकताना जो नफा होतो तो होल्डिंगच्या सगळ्या दिवसांवर वाटतात, मागच्या वर्षांच्या वाट्याला आलेल्या रकमेवर त्या त्या वर्षाचा सगळ्यात वरचा दर लावतात, सध्या तो ३७ टक्के आहे, आणि त्याच्यावर उशिरा टॅक्स भरला म्हणून व्याज. तुमचा स्वतःचा स्लॅब २२ चा असला तरी. दुसरा पर्याय मार्क-टू-मार्केट, म्हणजे न विकताच दरवर्षी कागदावर वाढलेल्या रकमेवर पगारासारखा टॅक्स भरायचा. आणि फॉर्म ८६२१ दर फंडाला एक. सहा फंड घेतले तर सहा फॉर्म, आणि तिथला सीपीए, म्हणजे तिकडचा सीए, फॉर्मामागे पैसे घेतो. सगळे मिळून पीएफआयसी २५ हजार डॉलरच्या आत असतील, जॉइंट रिटर्नला ५० हजार, आणि त्या वर्षात काही विकलं नसेल तर फॉर्म भरण्यातून सूट आहे, पण ती फॉर्मपुरती, विकताना टॅक्सचा नियम तोच. शिवाय एफबीएआर, म्हणजे बाहेरच्या खात्यांची माहिती अमेरिकेला देणं, भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली की ते वेगळं.

म्हणून अमेरिकेतल्या माणसाला मी सरळ सांगतो, माझा धंदा बुडाला तरी चालेल, तिथे राहून इथले फंड घेऊ नका. आधी ४०१के या नोकरीतल्या निवृत्ती खात्यामध्ये कंपनी जेवढं मॅच करते तेवढं पूर्ण घ्या. भारतातच पैसा हवा असेल तर अमेरिकेच्या बाजारात लिस्ट असलेले भारताचे ईटीएफ (शेअरसारखे बाजारात घेता येणारे फंड) आहेत, आयशेअर्सचा एमएससीआय इंडिया हा त्यातला एक, ते तिथलेच रजिस्टर्ड असल्याने पीएफआयसीचं लफडं नाही आणि वर्षाच्या शेवटी १०९९ हा टॅक्सचा फॉर्म आपोआप येतो.

ताई पुण्यात नोकरीला असताना चालू केलेल्या एसआयपी अजून चालू आहेत का ते मात्र आज रात्रीच फोन करून विचारा. हे मी दहातल्या सहा घरांत बघतो, पोरगी गेली अमेरिकेला, एसआयपी तशीच जुन्या सेव्हिंग खात्यातून कटतेय आणि सगळे खूश की बघा कशी शिस्तीत गुंतवणूक चाललीय. ती आधी थांबवा. जुने युनिट ठेवायचे की विकायचे, आणि विकायचे तर कुठल्या वर्षात, हे तिथल्या अशा सीपीएला विचारा ज्याने ८६२१ स्वतः भरलाय, "हो हो करून देतो" म्हणणारा नको. अजून गेला नसेल, व्हिसा लागलाय आणि पुढच्या महिन्यात निघायचंय असा कोणी असेल तर त्याने निघायच्या आधीच विकून मोकळं व्हावं, सगळ्यात स्वच्छ.

काही फंड हाउस अमेरिका-कॅनडावाल्यांचे पैसे घेतच नाहीत, काही घेतात पण कागदी फॉर्म आणि जास्तीची डिक्लरेशनं मागतात. त्यावर लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे पत्ता गावचाच ठेवायचा. असं करू नका. फॅटकाचा, म्हणजे खात्यांची माहिती अमेरिकेला देण्याचा, करार भारत-अमेरिकेत २०१५ ला झाला तेव्हापासून माहिती तिकडे जाते, आणि फॉर्मवर टॅक्स रेसिडेन्सीच्या रकान्यात तुम्ही सही करून "फक्त भारत" असं लिहिता तेव्हा ते खोटं डिक्लरेशन होतं.

आता तुमच्याकडे येतो. युएईत पगारावर टॅक्स नाही, फंडाच्या नफ्यावरही नाही, म्हणजे तुमचा टॅक्स फक्त भारतातला. इक्विटी फंड वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर विकला तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे, वर ४ टक्के सेस. एप्रिल २०२३ नंतर घेतलेला डेट फंड कितीही वर्षं ठेवा, नफा स्लॅबमध्येच. इथपर्यंत रहिवासी आणि एनआरआय सारखेच. फरक पडतो टीडीएसला. तुमचे मेहुणे इथे फंड विकतील तर त्यांना पूर्ण रक्कम मिळते, तुम्ही विकलात तर फंड हाउस नफ्यातून टॅक्स कापूनच पैसे सोडतं, आणि डेट फंडाला तर सरळ ३० टक्के.

एक हिशेब दाखवतो, माझ्याच एका अजमानच्या क्लायंटच्या केससारखा, आकडे गोल केलेत. त्याला गावी घराच्या स्लॅबसाठी पैसे हवे होते, दोन फंड एकाच आठवड्यात विकले, दोन्ही वर्षाच्या आतले. एकात ४ लाख नफा, दुसऱ्यात अडीच लाख तोटा. त्याच्या मते नफा दीड लाख. पण फंड हाउसला दुसऱ्या फंडातला तोटा दिसत नाही, त्यांनी ४ लाखावर २०.८ टक्क्याने ८३,२०० कापले. खरा टॅक्स दीड लाखावर ३१,२००. म्हणजे ५२ हजार जास्तीचे गेले. ते बुडत नाहीत, आयटीआर-२ भरून परत मिळतात, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं, आणि गल्फमधल्या आपल्या लोकांना "टीडीएस कापलाय ना, मग झालं" असं वाटतं. त्याने दोन वर्षांच्या आधीचंही असंच सोडलं होतं, ते गेलंच.

आणखी एक बारकी गोष्ट जी आरएम सांगत नाही. इथल्या माणसाचं दुसरं उत्पन्न नसेल तर त्याला बेसिक सूट इक्विटीच्या नफ्यावरही वापरता येते. एनआरआयला येत नाही. सव्वा लाखाची सूट तेवढी मिळते.

पण तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे ती म्हणजे भारत-युएईचा दुहेरी टॅक्स टाळायचा करार. त्या करारात शेअर्सवरच्या नफ्याचं वेगळं लिहिलंय, आणि म्युच्युअल फंडाचं युनिट म्हणजे शेअर नव्हे कारण आपले फंड ट्रस्ट असतात, कंपनी नसतात, त्यामुळे युनिटवरचा नफा "बाकी सगळं" या कलमात जातो आणि तिथे टॅक्सचा हक्क राहत्या देशाचा. कोचीच्या आयटीएटीने (टॅक्स ट्रिब्युनलने) युएईच्या केसमध्ये हे मान्य केलंय, आणि मुंबईच्या आयटीएटीने २०२५ मध्ये सिंगापूरच्या केसमध्ये तेच धरलं. ट्रिब्युनलचा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, डिपार्टमेंट पुढे जाऊ शकतं, म्हणून रक्कम मोठी असेल तर चांगला सीए धरूनच हा क्लेम करा. त्यासाठी युएईचं टीआरसी, म्हणजे तिथले टॅक्स रहिवासी असल्याचं सर्टिफिकेट, लागतं आणि वर्षात १८३ दिवस तिथे राहिल्याचा हिशेब. टीआरसी विकल्यानंतर नव्हे, त्या वर्षाचं वेळेवर काढून ठेवायचं. सोबत पोर्टलवर एक फॉर्म भरावा लागतो, जुन्या कायद्यात १०एफ म्हणायचे, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने नंबर बदलतात, तेव्हा नंबर पाठ करत बसू नका. आणि भारतातलं उत्पन्न वर्षाला १५ लाखाच्या वर जायला लागलं, भाडं, नफा सगळं धरून, तर सीएला एकदा रेसिडेन्सी तपासायला सांगा, जिथे टॅक्सच नाही अशा देशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तेव्हा वेगळा नियम लागतो.

खातं. तुम्ही लिहिलंय की "सेव्हिंग खातं आहे गावच्या बँकेत, त्यातूनच करतो". इथेच थांबा. नोकरीसाठी देश सोडला की फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) हिशेबाने तुम्ही त्या दिवसापासून एनआरआय, १८२ दिवस मोजायचे ते इन्कम टॅक्सचं गणित आहे, लोक दोन्हीची खिचडी करतात. ते सेव्हिंग खातं एनआरओ (एनआरआयचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं) करायला हवं होतं. तिकडून पाठवलेल्या पगारासाठी एनआरई उघडायचं. एनआरई मधून केलेली गुंतवणूक, मुद्दल आणि नफा, टॅक्स जाऊन कधीही परत दिरहममध्ये नेता येते. एनआरओ मधून केलेली असेल तर पैसे एनआरओ मध्येच येतात, तिथून बाहेर न्यायला वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा, आणि सीएचं सर्टिफिकेट वगैरे. तुम्ही म्हणाल मला कुठे १० लाख डॉलर न्यायचेत. बरोबर, पण सर्टिफिकेटच्या फेऱ्या सात लाख रुपयांनाही तेवढ्याच असतात. पगाराचा पैसा एनआरई मधून, गावच्या दुकानगाळ्याचं भाडं येत असेल तर ते एनआरओ मधून, आणि दोन्हींचे फोलिओ (फंडातली खाती) वेगळे ठेवा. वडिलांच्या खात्यातून तुमच्या नावावर एसआयपी करायचा प्रयत्न करू नका, तिसऱ्याच्या खात्यातला पैसा फंड हाउस परत पाठवतं.

पीआयएस हवंय कशाला? पीआयएस लागतं शेअर बाजारातून थेट शेअर घेताना. म्युच्युअल फंडाला लागत नाही, डिमॅटसुद्धा लागत नाही. आरएमला टार्गेट असतं, त्याच्यावर राग नको, पण सही करू नका.

केवायसी हा कंटाळवाणा विषय आहे पण माझ्या ऑफिसात सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. तुमचं पॅन केवायसीत अजून "रेसिडेंट" दाखवत असेल, बघून घ्या, कुठल्याही केआरएच्या (केवायसी नोंदी ठेवणाऱ्या एजन्सीच्या) साईटवर पॅन टाकलं की दिसतं. कुवेतचा एक क्लायंट नऊ वर्षं रेसिडेंट म्हणूनच एसआयपी करत होता, सुरुवातीला चूक माझीही, मी विचारलंच नाही आणि त्याने सांगितलं नाही. एक दिवस बँकेने खातं एनआरओ केलं, खातं नंबर तोच पण प्रकार बदलला, मँडेट (खात्यातून हप्ता कापायची परवानगी) बाद, एसआयपी बाउन्स, मग फोलिओत बँक बदलायला गेलो तर स्टेटस जुळेना, आणि नेमके त्याच वेळी बहिणीच्या लग्नाला पैसे हवे. चार महिने गेले. पासपोर्ट, पॅन, तिकडचा पत्ता दाखवणारा कागद, तिकडचा टॅक्स नंबर असेल तर तो. कॉपी तिकडून पाठवायच्या तर एम्बसी किंवा नोटरी किंवा भारतीय बँकेची तिथली शाखा, अटेस्ट करून. त्यापेक्षा गावी आलात की करून टाकणं सोपं. आणि कागद कागदावर ठेवू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझ्या ऑफिसात पाणी डोक्याच्या वर होतं, फायली म्हणजे लगदा झाल्या, पण एकाचंही युनिट गेलं नाही कारण सगळं कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या रजिस्ट्रारकडे असतं, ईमेलवर सीएएस मागवलं की सगळे फंड एका स्टेटमेंटला. तेव्हापासून मी प्रत्येकाचा ईमेल पहिला तपासतो. नातेवाईकाच्या मुलाचा ईमेल दिलेले चिक्कार आहेत.

आता पैसा खर्च कुठे होणार. याच्यावर कोणी बोलत नाही आणि मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

रुपया २००५ ला डॉलरला ४५ च्या आसपास होता, २०२५ ला ८५ च्या पुढे. वीस वर्षांत वर्षाला साधारण तीन-सव्वातीन टक्के घसरण पडते. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, म्हणून तुम्हाला तेच गणित. फंडाने रुपयात १२ टक्के दिले तर दिरहमात मोजले साडेआठ-नऊ. आता तुम्ही पंधरा वर्षांनी गुहागरला येऊन घर, आईचं आजारपण, पोराचं रत्नागिरीतलं कॉलेज यासाठी वापरणार असाल तर ही घसरण तुमच्यासाठी तोटा नाहीच, तुमचा खर्चच रुपयात आहे, उलट दरवर्षी तेवढ्याच दिरहमात जास्त रुपये गुंतवता येतात. पण ताईंची मुलगी उद्या तिकडच्या कॉलेजला जाणार असेल तर फी डॉलरमध्ये, आणि रुपयातला फंड त्या खर्चाशी जुळतच नाही. एकाच घरातली दोन भावंडं, एकाच फंडाचा एकाला फायदा आणि दुसरीला नाही, ते यामुळे. टॅक्स बाजूला ठेवला तरी.

गल्फचं आणखी एक आहे. नोकरीच्या व्हिसावर तिथे कायमचं राहता येत नाही. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि नोकऱ्या जातात तेव्हा बाजारही पडलेला असतो. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२ हजाराच्या वर होता, मार्चमध्ये साडेसात हजाराच्या आसपास, आणि मे महिन्यात, कोविडमध्ये लोकांना परत आणणाऱ्या वंदे भारतच्या विमानांनी माझे अकरा क्लायंट परत आले, त्यातल्या चौघांनी घर चालवायला पडलेल्या भावात युनिट विकले. फंड चांगले होते. दोन वर्षं नुसते पडून राहिले असते तर... असो. त्यांच्याकडे बाजूला ठेवलेलं काही नव्हतं.

म्हणून तुमचे ८० हजार पूर्ण इक्विटीत नकोत. पहिलं सगळं एनआरई एफडीत, इथल्या घराचा वर्षाचा खर्च जमेपर्यंत. एनआरई एफडीचं व्याज भारतात टॅक्स फ्री आहे आणि युएईतही टॅक्स नाही, म्हणजे ६-७ टक्के मिळाले तर ते हातात तेवढेच. आता सांगा, ज्याच्यावर ३० टक्के टीडीएस कापून मिळतो तो डेट फंड तुम्ही कशाला घ्यायचा? गल्फच्या माणसाला मी डेट फंड जवळजवळ देतच नाही. एनआरई एफडी किमान एक वर्षाची असते, त्याआधी मोडली तर व्याज शून्य, म्हणून एकच मोठी करू नका, लाख लाखाच्या तुकड्यात करा. वर्षाची सोय झाली की ५० हजार इक्विटी एसआयपी आणि ३० हजार एफडी, असं काहीसं. बहिणीला मात्र हे लागू नाही बरं का, एनआरई व्याज अमेरिकेत टॅक्सेबल आहे.

आता कुठे आपण फंडावर आलो.

आरएमच्या यादीवर एकेक टिचकी. एनएफओ दहा रुपयाला मिळतोय म्हणून स्वस्त नसतो. ५०० रुपये एनएव्हीच्या (एका युनिटच्या भावाच्या) फंडाचे पोर्टफोलिओतले शेअर १० टक्के वाढले तर ५५० होतात, दहाच्या फंडाचे वाढले तर ११. तुमच्या एक लाखाचे दोन्हीकडे एक लाख दहा हजार. एनएफओला मागचा रेकॉर्ड नाही एवढंच, आणि विकणाऱ्याला ते विकणं सोपं जातं. दर महिन्याला डिव्हिडंड देणारा, त्याचं नाव सेबीने २०२१ मध्ये बदलून आयडीसीडब्ल्यू केलं कारण लोकांना वाटायचं वरचे पैसे मिळतात, प्रत्यक्षात तुमच्याच एनएव्हीतून काढून देतात. एनआरआयला त्यावर २० टक्के टीडीएस आणि वर सेस. तुम्हाला महिन्याला पैसे नकोच आहेत, पगार आहे. ग्रोथ ऑप्शन घ्या, फॉर्मवर टिक बघून. सेक्टर फंड, तुमचा अजून पहिला पैसा नाही गेला, सेक्टर कशाला. दोन स्मॉलकॅप म्हणजे एकच गोष्ट दोनदा.

२०१७ मध्ये सेबीने सगळ्या फंडांचे प्रकार ठरवून दिले, तेव्हापासून निवड बरीच सोपी झालीय. मार्केट कॅपने पहिल्या १०० कंपन्या लार्ज, १०१ ते २५० मिड, २५१ पासून पुढे स्मॉल. लार्जकॅप फंडाला ८० टक्के त्या पहिल्या शंभरात ठेवावेच लागतात. आता शंभरच कंपन्यांत खेळायचं तर मॅनेजर करून करून काय करणार, म्हणून त्या भागासाठी मी साधा निफ्टी ५० चा इंडेक्स फंड सांगतो, डायरेक्टचा खर्च ०.२ टक्क्याच्या आसपास. त्यात बघायचं दोनच, खर्च किती आणि इंडेक्सपासून किती मागे राहतो. मॅनेजरची अक्कल जिथे वापरता येते तो प्रकार फ्लेक्सीकॅप, किमान ६५ टक्के इक्विटी, बाकी कुठे जायचं त्याची मर्जी. म्हणजे २५ हजार निफ्टी इंडेक्स, २५ हजार एखादा जुना फ्लेक्सीकॅप. संपलं. दोन वर्षं बाजार वरखाली होताना तुम्हाला झोप लागतेय असं दिसलं तर मिडकॅप इंडेक्स थोडा.

फ्लेक्सीकॅप कुठला, तर मी नाव लिहिणार नाही कारण मला त्याचं कमिशन आहे आणि तुम्हाला माझा इंटरेस्ट कुठे ते कळणार नाही. कसा बघायचा ते सांगतो. गेल्या एका वर्षाचा रिटर्न बघूच नका, तो ज्या तारखेला मोजलाय त्या तारखेचा खेळ असतो. पाच वर्षांचे रोलिंग रिटर्न बघा, म्हणजे कुठल्याही दिवशी घुसून पाच वर्षं थांबलेल्याला काय मिळालं, आणि त्यातला सगळ्यात वाईट आकडा बघा, सरासरी नको. मार्च २०२० ला इंडेक्सपेक्षा जास्त पडला की कमी. मॅनेजर तोच आहे का ज्याने ते रिटर्न दिले, की गेल्या दिवाळीत बदलला. फॅक्टशीटमधले पहिले दहा शेअर निफ्टीच्या पहिल्या दहाशी ताडून बघा, आठ तेच निघाले तर तुम्ही इंडेक्सला सहापट खर्च देताय. स्टार रेटिंग मागे बघून देतात, आज पाच स्टार असलेला तीन वर्षांनी तीनवर आलेला मी बऱ्याचदा पाहिलाय आणि उलटही.

डायरेक्ट की रेग्युलर. २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन आहेत, तोच फंड, मधलं कमिशन वजा. महिना २० हजार, १५ वर्षं, १२ टक्के धरले तर साधारण १ कोटी १ लाख होतात, एक टक्का कमी म्हणजे ११ धरले तर ९२ लाखाच्या आसपास. नऊ लाखाचा फरक. हा हिशेब मी माझ्या ऑफिसातल्या फळ्यावर लिहून दाखवतो आणि मग विचारतो की केवायसी, टीडीएस, आई-वडिलांकडून सही, मार्च २०२० ला रात्री दोनला फोन, याचे नऊ लाख द्यायचेत का. काहीजण म्हणतात हो, काहीजण उठून जातात, दोन्ही बरोबर आहेत. तुम्ही स्वतः रिटर्न भरता आणि हे सगळं वाचून कंटाळला नसाल तर डायरेक्ट घ्या. फक्त ॲप निवडताना तो एनआरई खात्यातून पैसे घेतो का आणि एनआरआय केवायसी चालते का ते आधी बघा, नाहीतर थेट फंड हाउसच्या साईटवरून.

तुम्ही शेवटी विचारलंय की वडिलांच्याच नावावर टाकू का, टीडीएसची कटकट नाही. कायद्याने चालतं, वडिलांना दिलेल्या गिफ्टवर टॅक्स नाही आणि नफाही त्यांच्याच उत्पन्नात धरतात. बायकोच्या नावावर केलं तर नफा तुमच्या उत्पन्नात येतो, तो वेगळा विषय. पण एकदा दिलं की तो पैसा वडिलांचा झाला. तीन भाऊ, एक दुबईला वीस वर्षं राबला, सगळं वडिलांच्या नावावर, वडील गेले, मृत्युपत्र नाही, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे तेव्हा कळलं. फोलिओ माझ्याकडेच होता. तिघेही अजून माझे क्लायंट आहेत, फक्त एकाच दिवशी ऑफिसात बोलावत नाही. त्यामुळे पैसा वडिलांच्या खर्चासाठी असेल तर त्यांच्या नावावर, तुमच्या म्हातारपणासाठी असेल तर तुमच्या.

गणपतीला येताय असं लिहिलंय, तर ऑरिजिनल पासपोर्ट, पॅन, एमिरेट्स आयडी आणि गावच्या बँकेचं पासबुक घेऊन निघा, पहिल्या दिवशी बँकेत जाऊन एनआरओचं काम, मग केवायसी. विसर्जनाच्या आदल्या दिवशी कोणी येऊ नका, तेव्हा मीपण गावी असतो.